संच पूर्ण झाला, मग एकाच नंबराची ही दुसरी कार्डं शोधायची का?

निपाणीच्या एका मुलाने विचारलंय. त्याच्या मामांनी न्यू जर्सीहून येताना बेसबॉल कार्डांचे, म्हणजे खेळाडूंचे फोटो आणि नंबर छापलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचे, दोन खोके आणले. ती निवडून, नंबरवार लावून त्याने १९८९चा फ्लीअरचा ६६० कार्डांचा आणि १९९०चा टॉप्सचा ७९२ कार्डांचा असे या दोन अमेरिकन कंपन्यांचे दोन संच पुरे केले. मग किमतींची यादी उघडली, तर काही नंबरांपुढे अ, ब, क करत तीन-तीन, चार-चार कार्डं दिलेली. "काका, माझा संच पूर्ण आहे की नाही? ही चुकीची कार्डं शोधायला लागू का? आणि छपाई बिघडलेली आठ कार्डं सापडलीत, ती वेगळी ठेवू का?"

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. तुझे दोन्ही संच पूर्ण आहेत. कंपनीने ६६० नंबर छापले, तुझ्याकडे ६६० नंबर आहेत. यात कुणालाही शंका काढायला जागा नाही, आणि यादी बघून तुझा आनंद कमी झाला असेल तर तो आधी परत घे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण "चुकीचं कार्ड" या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. मी कार्डं गोळा करतो त्याला तीसेक वर्षं झाली, पण हा फरक मला कार्डांनी शिकवला नाही, छापखान्याने शिकवला. बेळगावातल्या शहापुरात आमची ऑफसेटची मशीन होती, एकरंगी. रंगीत काम आलं की तोच कागद चार वेळा फिरवायचा: पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, आणि तुमच्या निपाणीच्या बिडीबंडलांची लेबलं. एका शीटवर लेबलं शेजारीशेजारी बसवलेली असायची, छापून झाली की कटिंगला जायची. बेसबॉल कार्डंही अशीच छापतात. टॉप्सच्या त्या काळातल्या शीटवर १३२ कार्डं असत, म्हणजे ७९२चा संच बरोबर सहा शीटांचा.

एकदा एका पत्रिकेवर मुहूर्त १२.३५ ऐवजी १२.५३ छापला गेला. दोनेकशे शीट निघाल्यावर मशीनमन ओरडला, "मालक, टाइम उलटा पडलाय की हो!" मशीन थांबवली, दुसरी प्लेट (ज्या पत्र्यावरून मजकूर छापला जातो तो) केली, पुढचं काम बरोबर निघालं. आधीचे शीट बाजूला टाकले होते, तरी त्यातल्या काही पत्रिका गठ्ठ्यात गेल्याच. आता त्या लग्नाच्या पत्रिका दोन प्रकारच्या आहेत, आणि त्या दोन का आहेत हे मी सांगू शकतो. कुणीतरी चूक पाहिली, मशीन थांबवली, प्लेट बदलली. माझ्या लेखी खरा फरक हा. त्यामागे माणसाचा निर्णय असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला रोजचं काम. कागद केसभर सरकला की रंगांची जुळणी हलते, चेहऱ्याला लाल-निळी किनार येते. ब्लँकेटवर, म्हणजे प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबराच्या पट्ट्यावर, धुळीचा कण बसला की शाईत गोल पांढरं कडं उमटतं. आम्ही त्याला हिकी म्हणतो. शाई कमी पडली की छपाई फिकी. सुरुवातीचे शीट तर सेटिंगसाठीच जातात, ते रद्दीचे. यातलं काहीच कुणी ठरवून केलेलं नसतं, आणि एक शीट दुसऱ्यासारखं बिघडलेलं नसतं. असली कार्डं शोधायला निघालास तर शेवट नाही.

या दोघांच्या मधे आणखी एक प्रकार आहे, आणि सगळा वाद तिथेच होतो. प्लेटवर किंवा प्लेटपाशी काहीतरी अडतं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तीच खोट त्याच जागी शेकडो शीटांवर छापली जाते. ठरवून केलेली नाही, पण जशीच्या तशी पुन्हा पुन्हा आलेली. त्याच्याकडे पुढे येतो, कारण तुझ्या १९९०च्या संचात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण बसलंय.

त्याआधी एक सोपा गट बाजूला काढू. चूक झाली, पण कंपनीने ती कधी सुधारलीच नाही. १९५७च्या टॉप्समध्ये हँक आरनचं २० नंबरचं कार्ड उलट्या निगेटिव्हवरून छापलंय. उजव्या हाताने खेळणारा आरन त्यात डावखुरा दिसतो. १९६९च्या टॉप्समध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या ६५३ नंबरच्या कार्डावर तो नाहीच, संघाच्या बॅट सांभाळणाऱ्या पोऱ्याचा फोटो आहे. गोष्ट सांगायला छान, पण ही कार्डं सगळी तशीच आहेत. सुधारलेलं दुसरं कार्डच नाही, म्हणून शोधायलाही काही नाही. यादीत ज्याच्यापुढे "यूईआर" (अनकरेक्टेड एरर, न सुधारलेली चूक) लिहिलेलं दिसेल ते या जातीचं समज आणि पुढे सरक. "दुर्मीळ चूक" म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नकोस. जितके लोक तो संच लावून बसलेत, तितक्यांकडे ती चूक आहे.

आता सुधारलेल्या चुका. १९७९च्या टॉप्समध्ये ३६९ नंबरच्या बंप विल्सच्या नावाखाली आधी टोरांटो ब्लू जेज छापलं गेलं. तो होता टेक्सास रेंजर्सचा. नंतर बरोबर केलं, दोन्ही कार्डं फिरतात. १९८१ हे तर अशा कार्डांचं वर्षच. टॉप्सची मक्तेदारी कोर्टात मोडल्यावर फ्लीअर आणि डॉनरस पहिल्यांदा पूर्ण संच घेऊन उतरले. घाईत काम झालं, आणि फेरछपाईच्या वेळी चुका दुरुस्त करत गेले. फ्लीअरचं ८७ नंबरचं ग्रेग नेटल्सचं कार्ड बघ. पहिल्या छपाईत मागच्या बाजूला त्याच्या नावाचं पहिलं अक्षरच चुकलंय, "क्रेग" झालंय. असली जोडी हातात घेतली की छापखान्यातली ती सकाळ मला दिसते. कुणीतरी प्रूफ हातात धरून उभा आहे आणि म्हणतोय, अरे, हे चुकलं. अशा जोड्या मी आवर्जून घेतो, आणि त्यातल्या बऱ्याच स्वस्त असतात.

माझी सगळ्यात आवडती जोडी १९७४ची आहे. सॅन दिएगो पॅड्रेज हा संघ विकला जाऊन वॉशिंग्टनला जाणार अशी तेव्हा इतकी खात्री होती, की टॉप्सने त्या संघाच्या डझनावर कार्डांवर "वॉशिंग्टन नॅशनल लीग" असं छापून टाकलं. संघाला तेव्हा नवं नावही नव्हतं, म्हणून गावापुढे तो ज्या लीगमध्ये खेळायचा तिचंच नाव. मग १९७४च्या जानेवारीत मॅकडोनाल्डचे रे क्रॉक यांनी संघ घेतला, संघ सॅन दिएगोतच राहिला, आणि टॉप्सने पुढची कार्डं सॅन दिएगो नावाने छापली. विली मॅककोव्हीचं कार्ड दोन्ही नावांत मिळतं. गावाचं नाव पाटीवर बदललेलं आपण सीमाभागातल्या लोकांनी पाहिलंय. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. दोन्ही नावांचे टपालाचे शिक्के असलेली पाकिटं मी जपून ठेवलीत, त्याच कारणाने मॅककोव्हीची जोडीही जपलीय. कागदावरचं गाव बदलतं तेव्हा बाहेर काहीतरी घडलेलं असतं, आणि ते त्या दोन कागदांतच शिल्लक राहतं.

आता तुझं १९८९चं फ्लीअर. नंबर ६१६, बिली रिपकन. त्याने खांद्यावर धरलेल्या बॅटच्या मुठीच्या टोकावर शाईने शिवी लिहिलेली होती आणि ती तशीच छापली गेली. सरावाची बॅट ओळखता यावी म्हणून ती आपणच लिहिली होती, असं त्याने २००८मध्ये सांगितलं. कार्ड बाजारात आल्यावर बोंबाबोंब झाली आणि फ्लीअरने दुरुस्ती सुरू केली, तीही एका पद्धतीने नाही. कधी पांढरा डाग, कधी काळी गिचमीड, कधी करवतीने कापल्यासारखा तुकडा गायब, आणि शेवटी काळा चौकोन. तुझ्या संचात काळा चौकोनवालं कार्ड आहे म्हणालास. तेच सगळ्यात जास्त छापलं गेलं.

इथे माझा सल्ला स्पष्ट आहे. शिवीवालं मूळ कार्ड घे. ते भरपूर छापलं गेलंय, परवडेल, आणि ते शेजारी ठेवलंस की काळा चौकोन का आला ते बघणाऱ्याला लगेच कळतं. मधल्या पांढऱ्या आणि गिचमिडीच्या कार्डांच्या मागे लागू नकोस. ती महाग आहेत हे एक कारण. दुसरं कारण मला पैसे घालवून कळलं. परगावच्या एका विक्रेत्याकडून मी पांढऱ्या डागाचं रिपकन घेतलं होतं. घरी आल्यावर १० पटीच्या भिंगाखाली धरलं आणि पोटात गोळा आला. साध्या चाररंगी ऑफसेटला पांढरी शाई नसते. छापील चित्रात पांढरं दिसतं ते म्हणजे तिथे शाई नाही, कोरा कागद आहे. माझ्या कार्डावर मात्र पांढरं हे छापील ठिपक्यांच्या वर बसलेलं होतं, ब्रशच्या रेघांसकट. टायपिंगच्या चुका खोडायला वापरतात त्या पांढऱ्या द्रावाचं काम. ओल्या कापसाने कड पुसली तर खाली शिवी शाबूत. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून भिंग घे, चांगलं घे, आणि कार्डापेक्षा आधी घे. छपाई म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असते. चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनात बसून फुलासारखी नक्षी करतात. जे छपाईत झालंय त्यात नक्षी तुटत नाही, ती फक्त एखाद्या रंगावाचून राहते. जे हाताने खोडलंय तिथे चारही रंगांचे ठिपके घासले जातात, कागदाचा तंतू वर येतो, चकाकी मरते. कार्ड दिव्याखाली तिरकं धर, मेलेली चकाकी साध्या डोळ्यांनाही दिसते.

आता तो मधला प्रकार. १९९० टॉप्स, नंबर ४१४, फ्रँक थॉमस. तुझ्या कार्डावर पुढे त्याचं नाव आहे. काही थोड्या कार्डांवर ते नाही. नावाची जागा रिकामी आहे, आणि चौकटीची काळी रेघही काही ठिकाणी तुटलेली आहे. पण चेहरा, गवत, बाकीचे रंग व्यवस्थित. म्हणजे काळ्या शाईच्या वाटेत त्या जागी काहीतरी आडवं आलं होतं. ही अडचण काही त्या कार्डाच्या मापाने कापलेली नव्हती. शीटवर थॉमसच्या आजूबाजूला जी कार्डं होती, त्यांच्यावरही काळ्या रंगाचे तुकडे गायब झालेले संग्राहकांनी एकेक करून शोधून काढलेत. ते तुकडे जुळवून शीटवर ती अडचण कुठून कुठवर पसरली होती याचा नकाशा मांडता येतो. माझ्या छापखान्यात असं झालं असतं तर मी मशीनमनला काय म्हणालो असतो ते सोड, पण हे शोधकाम बघून मला त्या लोकांना नमस्कार करावासा वाटतो.

मी वर सांगितलेल्या कसोटीवर मात्र हे कार्ड बसत नाही. कुणी ठरवून काही बदललेलं नाही. तरी त्याला मी धुळीच्या हिकीबरोबर टाकणार नाही, कारण खोट नेमकी आहे, ओळखता येते, पुन्हा पुन्हा तीच येते. त्याच जातीचं १९८२चं टॉप्स: तिथे शीटच्या शीट काळ्या शाईवाचून निघाले. त्या वर्षीच्या कार्डांवर खेळाडूची छापील सही काळ्या रंगात होती, ती या कार्डांवर नाहीच. अशी सहापैकी तीन शीटांची, म्हणजे ३९६ कार्डं नोंदली गेलीत. ती गोळा करणारे लोक आहेत, पण ते १९८२चा संच "पूर्ण" करत नाहीत, ते वेगळाच संच लावतात. थॉमसचंही तसंच धर. बिननावाचं कार्ड चांगल्या स्थितीत हजारो डॉलरला जातं. त्या पैशात तुला १९८० ते १९९०चे सगळे संच लावता येतील. तुझ्या ७९२मधलं ते ७९३वं कार्ड नाही. थॉमस हा तुझा जीव की प्राण खेळाडू असेल तर गोष्ट निराळी, पण तू तर त्याचं नाव यादीत पहिल्यांदा वाचलंस.

संच "पूर्ण" कशाला म्हणायचं हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचं असतं, आणि जुन्या लोकांनी ते उघडपणे ठरवलंय. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डं आली, ज्यांना टी-२०६ म्हणतात, ती तुला बघायला आवडतील; तंबाखूच्या गावचा आहेस. त्या संचात ५२४ कार्डं मोजतात. पण बहुतेक लोक ५२०वर संच पूर्ण मानतात. राहिलेली फार दुर्मीळ चार म्हणजे होनस वॅगनर आणि एडी प्लँक या खेळाडूंची कार्डं, आणि दोन छपाईच्या चुका: शेरी मॅगीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं कार्ड, आणि जो डॉयलला चुकून न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघात टाकलेलं कार्ड. दोन्ही चुका पुढे दुरुस्त झाल्या, म्हणजे माझ्या कसोटीवर अगदी खऱ्या. तरी ५२०वाल्यांना कुणी कमी लेखत नाही. आजही कार्डांची स्थिती तपासून प्रतवारी करणाऱ्या कंपन्यांच्या नोंदणीत साधा संच आणि सगळ्या फरकांसह मास्टर संच असे दोन वेगळे मोजतात. तू अल्बमच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: साधा संच, अधिक कंपनीने दुरुस्त केलेल्या जोड्या, अमुक रकमेच्या आतल्या. रक्कम तुझी तू ठरव, पण लिलाव बघत बसायच्या आधी ठरव. बाहेरून मागवलेल्या एका कार्डावर कुरिअर आणि कस्टम धरलं की ते कार्ड तुला दिसतं त्या किमतीत पडत नाही, हेही त्याच पानावर लिही.

हल्लीच्या कार्डांबद्दल थोडक्यात. आता कंपन्या मुद्दामच एका नंबराची दोन-तीन चित्रं काढतात, एखादं अगदी कमी छापतात. टॉप्सच्या कार्डामागे बारीक अक्षरांत एक आकडा असतो, त्याच्या शेवटच्या अंकांवरून कुठलं चित्र ते कळतं. ही चूक नाही, दुरुस्ती नाही, विक्रीची पद्धत आहे. मी त्यात पडत नाही.

तुझी धाकटी बहीण पोकेमॉनची कार्डं जमवते म्हणालास. तिला सांग, १९९९च्या इंग्रजी पहिल्या संचातल्या ५८ नंबरच्या पिकाचूचे गाल आधी लाल छापले होते, मग पिवळे केले. ही खरी बदललेली जोडी आहे, मिळाली तर घ्यावी. आणि आमच्या पिढीची डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, जी प्रत्येक गल्लीच्या स्टेशनरीच्या दुकानात लोंबायची, त्यांच्यात फरक शोधू नये असं माझं मत. ती ज्याला जमेल त्याने एकमेकांची बघून छापली. एकाच पैलवानाचं वजन तीन संचांत तीन. मूळ कुठलं हेच सांगता येत नाही, मग चूक कुठली ते कसं सांगणार? ती खेळायची कार्डं, खेळून झिजलेली असली तरच मला बरी वाटतात.

आता तुझी आठ कार्डं. तू पाठवलेल्या फोटोंवरून सहा तर नुसती रंगांची जुळणी सरकलेली आहेत आणि एकावर हिकी आहे. त्यांना वेगळं पान देऊ नकोस. त्या नंबरांची स्वच्छ छपाईची कार्डं खोक्यात असतील तर ती संचात लाव आणि ही खालच्या गठ्ठ्यात ठेव.

आठवं वेगळं आहे. ते १९९०च्या टॉप्समधलं आहे, आणि खालच्या कोपऱ्यापाशी चौकटीची काळी रेघ नखाएवढी तुटलेली दिसते. घासून गेली असेल, फोटोत कळत नाही. पण तो नंबर थॉमसच्या शेजाऱ्यांपैकी आहे का ते आधी बघू. ज्यांनी ते तुकडे जुळवले त्यांनी नंबरांसकट यादी केलीय. तोवर त्याला पेन्सिल लावू नकोस, पुसू नकोस, जाड प्लास्टिकच्या कव्हरात सरळ ठेव. त्याच नंबराचं दुसरं कार्ड खोक्यात असलं तर तेही घे. दोन्ही घेऊन एखाद्या रविवारी बेळगावला ये. रेघ जिथे तुटलीय तिथे खालचे पिवळे आणि निळे ठिपके शाबूत असले तर आपण दोघं बसून शीटचा नकाशा काढू.